एकोणिसावी पिन

एक.

घरी आलेल्या सिस्टरने पट्टी सोडली, पिशवीत टाकली आणि गुडघ्यावर टाक्यांऐवजी मारलेल्या पिना मोजायला सुरुवात केली. काढण्याआधी मोजायच्या, काढल्यावर पुन्हा मोजायच्या, ही तिची पद्धत. हॉस्पिटलच्या कागदावर आकडा होता एकतीस. कागदावर हेही होतं की पट्टी घरच्यांनी उघडू नये. पण या पट्टीच्या घड्या फारच सुबक होत्या. हॉस्पिटलात कोणाला एवढ्या जमत नाहीत.

दोन. तीन. चार.

"मोजा, मोजा," खाटेवरून मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस. नवा गुडघा बसवून आज तेरावा दिवस. "माणसाच्या कातड्याला कागदाच्या पिना मारायच्या आणि स्वतःला सर्जन म्हणवायचं. माझ्याकडे असता तर त्याला बटणंसुद्धा लावायला दिली नसती."

"हलू नका."

पाच. सहा.

"अंतर बघा. इथे एक सूत, इथे दोन. गोणपाट शिवणारा याहून बरा."

"तेरा दिवस हेच ऐकतेय," दारातून बायको म्हणाली. "भेटायला येईल त्याला पट्टी उघडून दाखवलं. शेजारी, जुनी गिऱ्हाइकं, परवा मीटर बघायला आलेला तो माणूस. प्रदर्शन मांडलं होतं नुसतं."

"तुला शिवणातलं काय कळतं?"

"मला तापातलं कळतं. सिस्टर, कालपासून ह्यांचं अंग कढत आहे. सांगू नकोस म्हणाले."

सात. आठ. नऊ.

सिस्टरचं बोट आता हळू सरकत होतं. कातडं लाल होतं, ताणून चकाकत होतं, हातमोज्यातूनही गरम लागत होतं. तिने आयुष्यात पुष्कळ शहाणे पाहिले होते. पट्टीवर अत्तर फवारणारे. जखमेला ऊन दाखवणारे. एकाने पिनांना चुंबक लावून पाहिलं होतं. सगळे सुशिक्षित.

सतरा. अठरा.

अठरा.

एकोणिसाव्या जागी पिन नव्हती. दोरा होता. बारीक, पांढरा. तीन टाके, तिन्ही एका मापाचे, गाठ कुठे दिसत नव्हती. त्या तीन टाक्यांखाली कातडं फुगून तटतटलं होतं आणि शेजारच्या पिनेच्या भोकातून पिवळा पू झिरपत होता.

"हे कोणी केलं?"

मास्तर हसले. इतक्या दिवसांत कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता.

"ती पिन तिरकी होती. चुणी पडली होती तिथे. चार दिवस नुसतं बघितलं, पाचव्या दिवशी राहवेना. काढली आणि नीट केलं."

"दुखलं नाही?"

"तिथलं कातडं बधिर आहे. कापडासारखं."

"कधी केलंत?" बायकोने विचारलं.

"तू आंघोळीला गेली होतीस."

वीस मोजायची गरज उरली नव्हती. सिस्टरने पिना काढायचा चिमटा परत ट्रेमध्ये ठेवला, डॉक्टरांना फोन लावला, आवाज मोठा करून फोन उशीवर ठेवला आणि जे दिसत होतं ते सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता आणा. पाणीसुद्धा देऊ नका."

"गोळ्यांनी नाही का जाणार, डॉक्टर?" बायको उशीकडे वाकून म्हणाली.

"आत धातू आहे, बाई. जंतू धातूवर ठाण मांडून बसले की औषध तिथवर पोचत नाही. गुडघा उघडून धुवावा लागेल. तेवढ्याने भागलं नाही तर बसवलेला सांधा काढावा लागेल. मग काही महिने त्या पायावर उभं राहणं विसरा."

बायकोने कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे पाहिलं. मशीन पायाचं होतं.

"उसवायला काय, कोणीही उसवेल," मास्तर फोनला म्हणाले. "बंद करताना या वेळी लक्ष द्या."

"सिस्टर, त्यांना विचारा, सुई कुठली, दोरा कुठला," डॉक्टर म्हणाले. "मला कळायला हवं."

"नवी सुई, पाकीट फोडून घेतलेली," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटं उकळली. दोरा रेशमी, तोही उकळला. हात कोपरापर्यंत धुतले. ह्या सिस्टरनी आल्यावर धुतले त्याहून जास्त वेळ. मी काही अडाणी नाही."

सिस्टरने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय.

"मग काय झालं?" डॉक्टरांचा आवाज आला. "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

सांगा. मास्तरांना त्या शब्दाचीच कीव आली. काम सांगत नाहीत, करून दाखवतात. त्यांनी हात लांब करून स्टुलावरच्या, सुया टोचून ठेवायच्या गादीतून सुई उपसली, रिळावरून हातभर दोरा तोडला, सुई खिडकीच्या उजेडात धरली. मग दोऱ्याचं टोक ओठांत घेतलं, जिभेने ओलं केलं, दातांनी दाबून चपटं केलं आणि पहिल्याच झटक्यात ओवलं.

"हे असं," ते म्हणाले. "चष्म्याशिवाय."

बायको सुईकडे नाही, त्यांच्या ओठांकडे बघत होती. दोऱ्याचं ओलं टोक नेढ्यातून बाहेर आलं होतं, उजेडात चमकत होतं. मास्तरांनी ते सिस्टरपुढे धरलं होतं, तिला नीट दिसावं म्हणून.

"हॅलो?" उशीवरून फोन विचारत होता. "सिस्टर? काय दाखवलं त्यांनी?"