अर्धा इंच माया

"कापड नाही, कात्री नाही, आणि म्हणे फ्रॉकचं दुकान!" मशीनच्या सुईत दोरा ओवत आई पुटपुटली.

"आई, पुरे ना आता," सून हळूच म्हणाली.

चाळीस वर्षं आईने खाकी कागदावर कापून जपलेले नमुने लेकाने स्कॅन करून ऑनलाइन विकायला काढले होते. लोक पैसे भरून फाइल घ्यायचे, घरी छापायचे आणि त्यावर कापड बेतायचे. दुकानाच्या पहिल्या पानावर आईचाच फोटो होता. खाली काय लिहिलंय, असं तिने दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा दोघांना नेमकं काहीतरी काम आठवलं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. लेकाने तो स्पीकरवर घेतला.

"दादा, बाही मुंढ्यात बसतच नाहीये हो. बाकी तुमच्या पानावरचं वाचून डोळ्यांत पाणीच आलं. आई गेल्यावर तिची कला जपताय, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

लेकाला फोन बंद करायचंही सुचेना. बाहीच्या कागदावरची शिवणीसाठी जास्तीच्या कापडाची माया सोडायची रेघ त्याने फालतू समजून पुसली असणार, हे आईला बसल्या जागी कळलं.

"शिवणीला अर्धा इंच माया सोडून काप गं, बाळ," ती मशीनवरूनच म्हणाली.

"अगंबाई, या कोण?"

सून लेकाकडे बघू लागली, लेक स्क्रीनकडे.

आईने दोरा दाताने तोडला. "मीच ती. गेलेली."