रेघेला रेघ

"क्लच नीट सोडता येत नाही तुला, म्हणून गाडी थरथरते," भास्कररावांनी गॅरेजातल्या गिऱ्हाइकांदेखत सुनेला, हेमांगीला सुनावलं.

तिची मोटरसायकल चेनऐवजी शाफ्टवर, म्हणजे मागचं चाक फिरवणाऱ्या लोखंडी दांड्यावर चालणारी. शाफ्ट त्यांनीच ग्रीस लावून परत बसवला होता. खोलण्याआधी जोडाच्या दोन्ही भागांवर पांढरी रेघ मारायची आणि बसवताना रेघेला रेघ जुळवायची, नाहीतर गाडी थरथरते, हे ते सगळ्यांना बजावत.

तरी खात्रीसाठी त्यांनी जोडावरचं रबर मागे सारलं. हेमांगीने टॉर्च धरला. एक रेघ वर होती, दुसरी पार बाजूला.

गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली, तशी तिने टॉर्च विझवला. "बाबांचं बरोबर आहे. क्लचच असणार."

भास्कररावांनी पाना पुसून खाली ठेवला.

"लाव टॉर्च," ते खालमानेनेच म्हणाले. "बघू दे सगळ्यांना."