लाल बोर्ड

कुंकवाच्या डबीचं झाकण टकन् लागलं आणि वैष्णवीने दचकून आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. दिशा हलली नाही. चार वर्षांची पोर, झोपली की जेमतेम दीड तास. त्यातला पाऊण तास केव्हाच संपला होता. सासूबाई, रंगूबाई, दुपारची डुलकी काढून उठल्या होत्या, तोंड धुऊन आरशासमोर कुंकू लावत होत्या.

वैष्णवी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. स्क्रीनवर तीच ओळ. बोर्ड सापडला नाही.

बोर्ड समोरच तर पडला होता, जेवणाच्या टेबलावर. तळहाताएवढा, लालभडक, अंबडच्या कंपनीने कामाची चाचणी म्हणून सकाळी पाठवलेला. त्यात बूटलोडर चढवायचा होता. बोर्डाला जागं करणारा पहिला छोटासा प्रोग्राम. तो नसला तर बाकी सगळं मुकं. काम खरं तर वीस मिनिटांचं. बूटचं बटण दाबून धरायचं, रिसेटचं एकदा टिचकवायचं, मग दोन्ही सोडायची, की कॉम्प्युटर बोर्डाला ओळखतो. दिशा व्हायच्या आधी तिने असे कितीतरी बोर्ड उठवले होते. हा मात्र ढिम्म.

तिने केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. माहितीपुस्तिकेचं तेच पान चौथ्यांदा वाचलं. बूट, रिसेट, सोड. बोर्ड सापडला नाही. बूट, रिसेट, सोड. अंगठ्यावर बटणाचा वळ उठला.

टेबलावरचा फोन थरथरला. कंपनीचे रोहित सर.

"झालं का मॅडम? मला चारला वर कळवायचंय. नसेल होत तर तसं सांगा, दुसरी एक कँडिडेट आहे माझ्याकडे. चार वर्षांच्या गॅपनंतर होतं असं. टेन्शन घेऊ नका."

"चारला देते, सर," ती दबक्या आवाजात म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आजून रुसलेलाच हाय का त्यो?" रंगूबाई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हो ना, आई."

"लय नखरे. महेशवर गेलेला दिसतोय."

एरवी वैष्णवी हसली असती. मळ्यातली झेंडूची तोड अर्धी टाकून रंगूबाई कालच आल्या होत्या, या एका दिवसासाठी, नातीला सांभाळायला. आपल्या लेकाला, महेशलाही त्यांनीच सुनावलं होतं, तिचं शिक्षण काय बरणीत भरून ठेवायचंय का म्हणून.

"मी चहा टाकते. तू नको उठू," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बूट, रिसेट, सोड. बोर्ड सापडला नाही. वैष्णवीने केबल उपटली, बोर्ड उचलला आणि चिडून उलटा करून झटकला. कीबोर्डवर टिक् करून काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा. पिवळा.

ती त्या दाण्याकडे बघत राहिली. मग बोर्ड खिडकीशी नेऊन तिने उन्हात तिरपा धरला. लालावर लाल, सरळ बघून दिसणारच नव्हतं. बूटच्या बटणापासून शेजारच्या बारीक पिनांपर्यंत ओल्या कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं. वरचं वाळलं होतं; पिनांच्या बुडाशी अजून ओल होती, एका पिनेची वीज दुसरीत नेणारी.

मिक्सर, वॉशिंग मशीन, महेशची गाडी. या घरात कुंकू लागल्याशिवाय कुठलंच यंत्र सुरू झालं नव्हतं. सकाळी ती दिशाला अंघोळ घालत असताना बोर्ड टेबलावर उघडाच पडला होता.

तिने डोळे मिटले. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना.

औषधाच्या डब्यातलं स्पिरिट तिने काढलं. एवढा मऊ आणि बारीक ब्रश घरात एकच होता, दिशाचा दात घासायचा. स्वयंपाकघराकडे पाठ करून ती एकेक पिन घासू लागली. गुलाबी ओघळ फडक्यावर उतरले. मान वर केली तर आतल्या खोलीच्या दारात दिशा उभी, केस डोळ्यांवर आलेले. वैष्णवीने ओठांवर बोट ठेवलं. दिशानेही लगेच ठेवलं.

गरम वरणभातावर घालतात तशी बोर्डावर फुंकर घालत ती पाच मिनिटं उन्हात उभी राहिली. मग केबल लावली. बूट, रिसेट, सोड.

कॉम्प्युटर टुडुंग वाजला.

पट्टी सरकू लागली. तीस टक्के, सत्तर, शंभर. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि काळ्या स्क्रीनवर पहिली ओळ उमटली. तिने फोटो काढून पाठवला. चारला दहा कमी असताना उत्तर आलं. सोमवारपासून सुरू करा, घरूनच.

रंगूबाई दोन कप घेऊन आल्या. हिरव्या दिव्याकडे बघून दारातच थबकल्या.

"चाललं?"

"चाललं, आई. काम मिळालं."

त्यांनी कप खाली ठेवले आणि बोर्डाला दुरूनच हात जोडले. "आता सांगते तुला. सकाळी तू न्हाणीत व्हतीस तवा मी त्याला कुंकू लावलं, अक्षदा वाह्यल्या. म्हटलं, माझ्या सुनेची लाज राख रं बाबा. तुला बोलले नाय, तू हसशील म्हणून."

वैष्णवीने कप उचलला. घोट मात्र घेतला नाही.

"म्हणूनच चाललं, आई," ती म्हणाली.

रंगूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दिशा टेबलापाशी आली, फडक्यावरचा आपला ब्रश उचलून तिने डोळ्यांजवळ धरला. ब्रशचे केस अजून गुलाबी होते.

"मग मम्मी," तिने विचारलं, "तू ते पुसून का टाकलंस?"