भरलेला बार

नाताळ उलटला की पेन्सिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात ठासणीच्या बंदुकांनी शिकार सुरू होते. माझा नवरा हार्लन गेल्यापासून भिंतीवर टांगलेली त्याची बंदूक मी यंदा पहिल्यांदाच खाली काढली. शिकवायला धाकटा दीर, एल्वुड. झाडीतून शिंगाळं हरीण बाहेर आलं. "वहिनी, आटपा. ते काही कॉफीला थांबणार नाही," तो कुजबुजला. मी मापातली दारू नळीत ओतणार, तोच त्याने माझं मनगट धरलं. "आधी गज!" मी बार ठासायचा गज नळीत सोडला. नळी रिकामी असली की गजावर हार्लनने कोरलेली खूण आत बुडायची. ती चार बोटं वरच राहिली. एल्वुड पांढराफटक पडला. "आत बार आहे. त्यावर दुसरा ठासला असता तर नळी तुमच्या तोंडावर फुटली असती." दरवर्षी हंगामाच्या शेवटी हार्लन उरलेला बार बांधावर उडवायचा. गेल्या वर्षी त्याआधीच त्याच्या छातीत कळ आली. "हाच बार झाडू?" मी विचारलं. हरीण अजून उभं होतं. "वर्षभर ओल खाल्लेली दारू, वहिनी. नको." त्याने थर्मासमधली कॉफी नळीत ओतून दारू भिजवली आणि गजाला स्क्रू लावून गोळी ओढायला घेतली, तोवर हरीण गेलं. गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेली चिंधी मी उलगडली. लाल चेरींची नक्षी. माझा एप्रन! तो कुठे गेला म्हणून गेल्या नाताळात मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि हार्लन शपथेवर म्हणाला होता, "बघितलासुद्धा नाही." "काय झालं, वहिनी?" "काही नाही, भाऊजी. चोर सापडला."