एक की दोन

“दोन,” असं म्हणून तिने बटण फिरवलं.

खिडकीकडे तोंड आणि यंत्रांकडे पाठ करून बसलेल्या वकीलसाहेबांनी डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबला, डोळे मिटले आणि निकाल दिला. “अहाहा! बाई शेजारी येऊन गातेय. एक नंबरात ती भिंतीपलीकडे होती.”

“जमीन-अस्मानाचा फरक आहे, वहिनी,” विमा एजंट म्हणाला. त्याची पाळी होऊन गेली होती आणि त्यालाही दोन नंबरातच मध सापडला होता. “दोन म्हणजे ट्यूबवाला, पैज लावतो. बहिऱ्यालाही कळेल.”

हेडफोन गेल्या रविवारीच ठरला होता. चार आले, तीन परत गेले. नवरी पसंत झाली होती, आता तिला सासर बघायचं होतं: काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर की साधा? बटण फिरवणाऱ्या वहिनींच्या नवऱ्याने दोन्ही अँप्लिफायर घरीच बनवलेल्या एका डब्याला जोडले होते. डब्यावरचं बटण फिरवलं की हेडफोन एकावरून दुसऱ्यावर जायचा. दोघांचा आवाज त्याने मीटर लावून केसभरही कमीजास्त होणार नाही असा जुळवला होता, कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. माणसांचंही तसंच असतं, पण त्यांना मीटर लावता येत नाही.

बटण फिरवायचं काम तिच्याकडे होतं. तिला ते सवयीचंच. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर हेच विचारायची, “हे स्पष्ट की हे?” एकच काच दोनदा दाखवली तरी बहुतेक गिऱ्हाइकं दुसऱ्या खेपेला म्हणायची, “हां, आता कसं!”

नवऱ्याची पाळी आली.

“एक,” ती म्हणाली. मग, “दोन.” मग पुन्हा एक, पुन्हा दोन. मित्रांनी जेवढा वेळ घेतला, त्याच्या दुप्पट त्याने घेतला.

“मला सारखेच वाटतात,” तो म्हणाला.

“गाढवाला गुळाची चव काय!” एजंटने मांडीवर थाप मारली. “आणि म्हणे रेकॉर्डिस्ट! लोकांची गाणी तू अंदाजपंचे मिक्स करतोस की काय रे?”

वकीलसाहेब हसले. नवराही हसला, पण जरा उशिरा. तो उशीर फक्त तिच्या लक्षात आला. मागच्या महिन्यातल्या तापात त्याच्या कानाला दडा बसला होता, हे मित्रांना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, कान मोकळा झालाय, पण पहिल्यासारखं बारीक ऐकू येतं का ते तुमचं तुम्हीच बघा. आजची बैठक अँप्लिफायरच्या नावाने भरली होती, बघायचा होता कान. आणि उद्या त्याला स्टुडिओत रुजू व्हायचं होतं.

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि हलकेच तिला म्हणाला, “उद्या फोन करून सांगून टाकतो. म्हणावं, माझ्या जागी दुसरा कोणी बघा.”

हात रिकामा राहू नये म्हणून तिने बटण चाळवलं. ते एकवरून दोनवर गेलं. आणखी जरा ढकललं तर दोनच्याही पुढे गेलं, जिथे काहीच नव्हतं. मग पूर्ण गिरकी घेऊन परत एकवर आलं.

ती खाली वाकली. बटणाच्या कडेचा स्क्रू सैल होता. बटण दांड्यावर नुसतं गरगरत होतं आणि दांडा जागचा हलत नव्हता. खूण दोनवर जायची, डबा एकवरच राहायचा. सकाळपासून.

तिने तिघांकडे पाहिलं. बोलावं तर दोघांची अब्रू जात होती, न बोलावं तर एकाची नोकरी. हा हिशेब सोपा होता. अवघड वेगळंच होतं: ज्याचा कान गेलाय, तोही ‘सारखेच’ असंच म्हणाला असता.

“दोन लागलाच नव्हता,” ती म्हणाली. “बटण सैल आहे. सगळ्यांनी एकच अँप्लिफायर ऐकलाय.”

“तरीच!” एजंट म्हणाला. “मला मघाशीच जरा शंका आली होती.”

“मी दोन नंबर चांगला म्हणालो,” वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “दोन नंबर म्हणजे दुसरं यंत्र, असं मी कुठे म्हटलं?”

“नाही हो भावोजी, तुम्ही कशाला म्हणाल!” ती हसली.

नवरा मात्र हसला नाही. तो खुर्चीतच मागे वळून त्या सैल बटणाकडे बघत होता. “घट्ट कर,” तो म्हणाला. “आणि या वेळी आकडा सांगू नकोस.”

तिने पर्समधून चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून स्क्रू आवळला. त्याने हेडफोन चढवला, पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. त्याची मान ताठ झालेली तिला मागून दिसत होती. गाणं सुरू होऊन बराच वेळ झाला तरी तिचा हात पुढे होईना. शेवटी बटणाची टकटक ऐकू जाऊ नये म्हणून तिने ते ओढणीत धरलं आणि श्वास रोखून फिरवलं.

त्याचं बोट वर झालं.

“काय झालं?” एजंट कुजबुजला. वकीलसाहेबांनी त्याला हातानेच गप्प केलं.

तिने बटण परत फिरवलं. बोट खाली आलं.

आता आणखी बघायची काही गरज नव्हती. तरी तिने पुन्हा फिरवलं.