उपासाचं केळं

राजपुऱ्याहून गाडी घेऊन आलेल्या मोनालीनं जैनाबादच्या घरात पाय ठेवायच्या आधीच विचारलं, "बाबा, आईनं काही खाल्लं नाही ना?"

"नाही, पोरी. उपास धरला तिनं," सुपडू म्हणाला. "साबुदाना खाल्ला थोडा, अन दोन केळं. आपल्या बागेतलेच."

मोनाली ओट्यावरच बसली. इंदूरच्या स्कॅन सेंटरवाल्यानं फोनवर 'उपवास में लाना' एवढंच सांगितलं होतं आणि सुपडूनं ते इमानेइतबारे पाळलं होतं. केळी त्यानंच सोलून दिली होती. त्याच्या बायकोला, मथुराबाईला, कंबरदुखीनं उठवत नव्हतं. डॉक्टरांना हाडांच्या आतल्या मगजात कॅन्सरचा संशय होता. तो किती हाडांत आहे, ते आजच्या स्कॅनमध्ये दिसणार होतं.

मोनालीनं फोन लावला, बोलली, ठेवला. "आज कॅन्सल. परसों बुलाया है. एकदम खाली पेट."

सुपडूचा जीव भांड्यात पडला. त्याची त्यालाच लाज वाटली, पण पडला. आज काही कळणार नव्हतं, तेवढंच त्याला पुरे होतं.

"दोन केळ्यानं काय होते?" त्यानं आपलं विचारलं.

"बाबा, ते शुगरचं इंजेक्शन देतात, किरणवालं. कॅन्सरला शुगरची लई भूक असते. जहाँ वो होगा, खींच लेगा. मग तेवढीच जागा फोटोत चमकते. आधी काही खाल्लं तर नीट दिसत नाही."

महिनाभर सुपडू मथुराबाईला हातानं भरवत होता. शिरा, गूळ, दूध-केळं. अंगात बळ यावं म्हणून.

"म्हणजे मी त्याले चारत होतो?"

"तसं नसतं, बाबा. खाण्यानं नाही वाढत तो."

ते त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तो आत गेला. मथुराबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. पडल्या पडल्या तिनं सगळं ऐकलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो रोजचंच बोलला.

"भूक लागली का?"

मथुराबाईनं कंबरेवर हात ठेवला.

"मले त नाही," ती म्हणाली. "त्याले लागली का, ते परवा दिसंन."