हलणारा धक्का

शिडाच्या होडीतून महासागर ओलांडायला एकटी निघालेली आई सुरुवातीला इतकी आपटली, की अंगावर काळंनिळं पडायला जागा उरली नाही. मग तिने होडीशी भांडणं सोडलं. होडी डावीकडे कलली की ही उजवीकडे कलायची. पुढे पुढे तर झोपेतसुद्धा. चहा मुद्दाम कपाच्या शेजारी ओतायची आणि तो बरोब्बर कपात पडायचा, आता बोला!

अर्ध्या वाटेत पिण्याचं पाणी भरायला ती एका बेटाच्या बंदरात थांबली, तर तिला परत न्यायला मुलगा धक्क्यावर हजर. आईने जमिनीवर पाय ठेवला आणि झोकांडी खाऊन थेट त्याच्या गळ्यात पडली.

"बघ! धड उभंही राहता येत नाही तुला. पुरे झाली ही थेरं, चल घरी."

"मला काय धाड भरलीय? तुझा धक्काच हलतोय."

"आई, धक्का दगडी आहे!"

"बरं बाबा. होडीतून माझी पिशवी तेवढी आण. कशालाही न धरता आणलीस, तर मुकाट्याने येते."

मुलगा तावातावाने होडीत उतरला. दुसऱ्याच पावलाला रांगायला लागला आणि तिसऱ्याला काठावर ओणवा होऊन सकाळचा नाश्ता समुद्राला देऊन बसला.

आई झोकांड्या खात आली, होडीत पाय पडताच ताठ झाली आणि तिने धक्क्याला बांधलेला दोर सोडला.

"आई, हे काय करतेस?"

"अरे, धड उभंही राहता येत नाही तुला. अशा माणसाला एकटं सोडून जायला माझं मन कसं धजेल?"